रामसरच्या पोथीतला विठ्ठल

आधी चपला काढा आणि डोक्याला रुमाल बांधा. आज जिथे जायचं आहे तिथे उघड्या डोक्याने बसत नाहीत. आता डोळे मिटा. उघडाल तेव्हा साल १६०४ असेल, दिवस उन्हाळ्याचे, गाव अमृतसर, आणि पुढ्यात एक लहानसं तळं.

तळ्याचं नाव रामसर. हरिमंदिराच्या मोठ्या सरोवरापासून ते फार लांब नाही, पण तिकडची वर्दळ आणि लंगरच्या भांड्यांचा आवाज इथवर येत नाही. काठावर झाडं आहेत, झाडांखाली राहुटी, वारा यावा म्हणून कनाती वर गुंडाळलेल्या. आत दोघे जण बसलेत. एक चाळिशीचे. ते डोळे मिटून आधी चाल गुणगुणतात, मग शब्द सावकाश उच्चारतात. दुसरे पन्नाशी ओलांडलेले, पुढ्यात उतरती फळी, हातात बोरू, बाजूला काजळाच्या शाईची दौत. सांगणारे शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव, लिहिणारे भाई गुरदास, आणि लिहिली जातेय ती पोथी म्हणजे आजचा गुरू ग्रंथ साहिब. भाई गुरदास नात्याने गुरूंचे मामा लागतात आणि स्वतः मोठे कवी आहेत. या ग्रंथाची किल्ली म्हणून पुढे लोक त्यांच्याच ‘वारां’कडे वळणार आहेत. पण जी पोथी ते उन्हातान्हात लिहिताहेत, तीत त्यांची स्वतःची एक ओळही नाही. मला या माणसापुढे नेहमी हात जोडावेसे वाटतात.

जरा जवळ सरका आणि कागद बघा. घोटून गुळगुळीत केलेला, जाडसर. त्यावर शब्दाला शब्द चिकटलेला, मधे जागाच नाही. आपल्या मोडीतही असंच होतं, आधी रेघ ओढायची आणि मग शब्द न तोडता तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची. पण ही लिपी मोडी नाही, देवनागरीही नाही. ही गुरुमुखी. मुळाक्षरं ३५, म्हणून तिला ‘पैंती’ म्हणतात. दुसरे गुरू अंगददेव यांनी तिला घाटदार रूप दिलं. त्याआधी पंजाबातले व्यापारी लंडे लिपीत हिशेब लिहीत. तिच्यात काना-मात्रा नीट नसायच्या, त्यामुळे लिहिणाऱ्यालाच आपलं लिहिलेलं पुन्हा वाचताना अडायला व्हायचं. पंडित संस्कृताची अक्षरं वापरत, दरबार फारसीची. गुरूंची वाणी यांतल्या कुठल्याच अक्षरांत न ठेवता तिच्यासाठी वेगळी अक्षरं घडवली गेली, आणि ती जाटाच्या, सुताराच्या पोराला शिकवली गेली. एखाद्या समाजाला आपलं तोंड आरशात दिसायला सुरुवात कुठून होते, असं मला विचाराल तर मी या ३५ अक्षरांकडे बोट दाखवीन.

भाई गुरदासांनी एक पद संपवलं. आता बघा ते काय करतात. पदाच्या शेवटी दंड मारून आकडे घालतात. या पदात कडवी किती, या रचनाकाराचं या रागात हे कितवं पद, आणि आतापर्यंत एकूण झाली किती. पुढच्या पदाला पुन्हा तेच. हे कुलूप आहे. उद्या कुणी मधेच एक पद घुसवलं तर पुढची सगळी बेरीज चुकेल आणि चोरी उघडी पडेल.

एवढी काळजी कशासाठी? गुरू अर्जनदेवांचे थोरले बंधू पृथीचंद यांना गादी मिळाली नाही, ते दुरावले. त्यांच्या घरात रचना होऊ लागल्या, आणि त्यांच्या मुलाने, मिहरबानने, आपल्या पदांत ‘नानक’ हीच नाममुद्रा घातली. गुरूंच्या घरातही सगळे गुरू ‘नानक’ या एकाच नावाने लिहीत आलेले. ज्योत एकच आहे, दिवे तेवढे बदलले, अशी त्यामागची श्रद्धा. मग साध्या माणसाने खरं कुठलं आणि नकली कुठलं हे ओळखायचं कसं? शीख परंपरेत यासाठी दोन शब्द आहेत, ‘सच्ची बाणी’ आणि ‘कच्ची बाणी’. कच्ची बाजूला काढायची तर सच्ची एकदा नीट बांधून ठेवायला हवी. म्हणून प्रत्येक पदाच्या माथ्यावर ‘महला’ आणि आकडा: पहिला म्हणजे गुरू नानक, तिसरा म्हणजे गुरू अमरदास, पाचवा म्हणजे स्वतः अर्जनदेव. नाममुद्रा सगळ्यांची एक राहिली, पण कुणाचं पद कुणाचं याचा हिशेब चोख झाला.

राहुटीच्या कोपऱ्यात कापडात बांधलेल्या पोथ्या दिसतात ना, त्या गोइंदवालच्या. गुरू अमरदासांच्या घरातल्या. त्या देण्याचं मोहनजींच्या, म्हणजे गुरू अमरदासांच्या थोरल्या चिरंजीवांच्या, मनात नव्हतं. तेव्हा गुरू अर्जनदेव स्वतः त्यांच्या खिडकीखाली रस्त्यावर बसून तंबोऱ्यावर गायले, अशी कथा पंजाबात घरोघरी सांगतात. त्या पोथ्यांत गुरूंच्या वाणीबरोबर आणखीही काही आहे, आणि त्यासाठीच तुम्हाला इथवर आणलं.

कारण आता धनासरी राग चालू आहे. हा ग्रंथ कवींच्या क्रमाने लावलेला नाही, विषयांच्याही नाही. तो रागांच्या क्रमाने लावला आहे. म्हणजे ही पोथी वाचण्याआधी गायची आहे. धनासरीतली गुरूंची पदं उतरून झाली, आता भगतांची, म्हणजे गुरू नसलेल्या संतकवींची, पाळी. आधी कबीर. विणकर. त्यांची पदं संपतात. अर्जनदेव क्षणभर थांबतात, सूर लावतात. आणि मग तुमच्या कानावर पडतं, ‘ताचे’.

दचकलात? साहजिक आहे. पंजाबच्या उन्हात, गुरुमुखी अक्षरांत, तुमचा तो षष्ठीचा ‘चे’. पुढे ‘सगले’ येतो, ‘जना’ येतो. भाषा पुरती मराठी नाही, पुरती हिंदवीही नाही. वाटेत धूळ खाल्लेली, वेगवेगळ्या गावांचं पाणी प्यायलेली भाषा आहे. पण तो ‘चे’ आपल्या घरचा आहे. हे पद नामदेवांचं.

इथे थोडं थांबू या. १६०४ मध्ये नामदेवांना जाऊन अडीचशे वर्षं झालीत. पंढरपूरच्या महाद्वारात पायरी होऊन पडलेला आपला शिंपी उतारवयात उत्तरेला गेला, गुरदासपूरकडच्या घुमानला बरीच वर्षं राहिला, असं तिथली परंपरा सांगते. तिथे त्यांना ‘बाबा नामदेव’ म्हणतात. त्यांची ६१ पदं या पोथीत चढणार आहेत. त्यांत शिंप्याचा गज आहे, कात्री आहे, सुई आणि दोरा आहे. त्यांत ‘बीठल’ आहे. पंजाबी जिभेवर विठ्ठल असा वळला. आणि त्यांत ते देऊळही आहे, जिथून नामदेवांना हलकी जात म्हणून उठवलं, आणि जे त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. आपण ते देऊळ औंढ्या नागनाथाचं म्हणतो. अमृतसरच्या रागी बुवांना, म्हणजे कीर्तन गाणाऱ्यांना, औंढा ठाऊक नसेल, पण ते देऊळ कसं फिरलं हे त्यांना तोंडपाठ आहे.

भाई गुरदासांचा बोरू चाललाच आहे. नामदेवांपाठोपाठ याच धनासरीत रविदास येतात, चांभार. मग त्रिलोचन. मग सैन न्हावी. मग पीपा, एका गढीचा राजा. शेवटी धन्ना जाट, जो आपल्या पदात देवाकडे डाळ, पीठ, तूप आणि दुभती गाय मागतो. एका रागाच्या शेवटी ही पंगत. दुसऱ्या रागांत शेख फरीद आहेत, पाकपट्टणचे सूफी. आहेत बंगाल-ओडिशाकडचे जयदेव. एकूण १५ भगत, आणि त्यांना गुरूंच्याच पोथीत, त्याच शाईने, त्याच आकड्यांच्या कुलपाआड जागा. लाहोरचे काही कवी आपली पदं घेऊन इथे आले आणि रिकाम्या हाती परतले, असंही सांगतात. म्हणजे दार सताड उघडं नव्हतं. निवड कडक होती. फक्त तिची कसोटी जात, गाव किंवा पंथ ही नव्हती.

मला या ग्रंथाचं मोठेपण नेमकं इथे दिसतं. ज्या पोथीने शिखांना ‘आपण कोण’ हे सांगितलं, त्याच पोथीत जे शीख नव्हते त्यांचे आवाज कायमचे बसवले गेले. कुंपण घालणं आणि पाहुण्यांना घरातलं करणं या दोन गोष्टी एकाच राहुटीत, एकाच माणसाने, एकाच वेळी केल्या. आणि रोज सकाळी गुरूपुढे डोकं टेकवणारा शीख चांभारापुढे, विणकरापुढे, शिंप्यापुढेही टेकवतो. त्याला तसं वेगळं करताच येत नाही.

पानं उलटून पोथीच्या आरंभी या. ग्रंथ अक्षराने सुरू होत नाही, आकड्याने होतो. एक. कागदाच्या माथ्यावर नुसता एक, आणि त्याला लागून ओंकार. शब्दाला फाटे फुटतात, ‘एक’चे दोन अर्थ कसे काढणार? मधे मधे कोरी पानंही दिसतील. विभाग संपतो आणि जागा मोकळी सोडलेली असते. त्या कोऱ्या पानांकडे परत येऊ.

आता भाद्रपद. पहाटेचा गारवा आहे. तुम्ही रामसर ते हरिमंदिर या वाटेवर गर्दीत उभे आहात. पुढे कीर्तन करणारे, मागे बाबा बुढ्ढा, नव्वदी कधीच ओलांडलेले. लहानपणी त्यांनी गुरू नानकांना डोळ्यांनी पाहिलं होतं. आता पाचव्या गुरूंचा ग्रंथ त्यांच्या डोक्यावर आहे. आणि ग्रंथामागे चवरी ढाळत, अनवाणी, स्वतः गुरू अर्जनदेव. ज्यांच्यासाठी लोक वाट सोडून बाजूला होतात, ते एका पुस्तकाचे सेवक होऊन चाललेत. हरिमंदिरावर अजून सोनं नाही, ते दोनशे वर्षांनी रणजितसिंहांच्या काळात चढेल. आत ग्रंथ उंच आसनावर ठेवला जातो, बाबा बुढ्ढा पहिले ग्रंथी होतात. रात्री ग्रंथाला खोलीत विश्रांतीला नेतात, आणि गुरू त्याच्या शेजारी खाली जमिनीवर झोपतात.

दोनच वर्षांनी, १६०६ मध्ये, लाहोरात जहांगिराच्या हुकमाने गुरू अर्जनदेवांचा छळ करून प्राण घेतला गेला. तिथे मी तुम्हाला नेणार नाही. नववे गुरू तेगबहादूर यांनाही १६७५ मध्ये दिल्लीत भर चौकात मारलं. त्यांची ५९ पदं आणि ५७ श्लोक दहावे गुरू गोविंदसिंग यांनी ग्रंथात घातले, आणि जैजैवंती हा नवा राग त्यांच्याबरोबर ग्रंथात आला. रामसरला सोडलेली ती मोकळी जागा आठवते ना? श्रद्धाळू माणसं सांगतात, ती त्यांच्याचसाठी ठेवली होती.

आता थंडीत या. १७०४-०५ चा हिवाळा, सरसा नदी, पूर आलेला. आनंदपूरचा किल्ला सोडून गुरू गोविंदसिंगांचा काफिला बाहेर पडला आहे, मागे मोगल फौज आहे. पाण्यातून माणसं जाताहेत, घोडे जाताहेत, आणि गाठोडी वाहून जाताहेत. त्या गाठोड्यांत काय आहे? आनंदपूरच्या दरबारात ५२ कवी होते असं सांगतात. संस्कृतातून, फारसीतून उतरवलेले ग्रंथ, नव्या रचना, वर्षानुवर्षांची नक्कल. एका रात्रीत पाणी सगळं घेऊन गेलं. हे नुकसान आजवर कुणाला मोजता आलेलं नाही. १९८४ च्या जूनमध्ये, लष्करी कारवाईत, सुवर्णमंदिराच्या, म्हणजे त्याच हरिमंदिराच्या, आवारातलं शीख संदर्भ ग्रंथालय गेलं आणि त्यातली जुनी हस्तलिखितं हरवली, तेव्हा पंजाबातल्या म्हाताऱ्या माणसांना सरसा आठवली असेल.

गुरूंचे चारही मुलगे या दिवसांत गेले. आणि अशा वेळी हा माणूस बसून कविता लिहितो. फारसीत, शाहनाम्याच्या वृत्तात, शंभराहून अधिक बैत, थेट औरंगजेबाला. कुराणाची शपथ घेऊन सुटकेची वाट देतो म्हणालास आणि शपथ मोडलीस, हा त्यातला आरोप. नाव ठेवलं ‘जफरनामा’, विजयपत्र. किल्ला गेला, मुलं गेली, ग्रंथ वाहून गेले, आणि पत्राचं नाव विजयपत्र!

ते पत्र कुठे पोहोचलं, माहीत आहे? आपल्याकडे, अहमदनगरला. भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग ते घेऊन दक्षिणेत आले. चला, १७०६ च्या त्या छावणीत क्षणभर उभे राहा. बादशहा नव्वदीकडे झुकलेला. पंचवीस वर्षं मराठ्यांमागे धावून थकलेला, ताराबाईंच्या फौजा अजून त्याच्या छावणीच्या कडा कुरतडताहेत. याच मातीत त्याला पंजाबातून ही कविता येते. त्याने समेटाची फर्मानं काढली, गुरूंना भेटीला बोलावलं. गुरू निघाले, पण ते राजपुतान्यात असतानाच अहमदनगरात औरंगजेब मरण पावला. साल १७०७. भेट झाली नाही. मराठी इतिहासात आपण औरंगजेबाच्या शेवटच्या वर्षांबद्दल इतकं लिहितो, त्यात या पत्राला दोन ओळी सहसा मिळत नाहीत. त्या मिळायला हव्यात.

आणि आता गोदावरीचा काठ. नांदेड, ऑक्टोबर १७०८. पाऊस सरला आहे, नदीचं पाणी अजून गढूळ. मारेकऱ्याच्या खंजिराची जखम घेऊन गुरू गोविंदसिंग तंबूत आहेत. बाहेर शीख उभे आहेत आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आहे: आता गुरू कोण? मुलगा उरलेला नाही. गुरू ग्रंथ मागवतात. त्याच्यापुढे नारळ आणि पाच पैसे ठेवतात, प्रदक्षिणा घालतात, माथा टेकतात. नव्या गुरूपुढे ठेवायचा हा रिवाज, आजवर तो माणसापुढे केलेला. आज पुस्तकापुढे. ७ ऑक्टोबरला त्यांनी देह ठेवला. तेव्हापासून शिखांना देहधारी गुरू नाही. जो आहे तो १४३० पानांचा आहे, आणि त्या पानांना ते पान म्हणत नाहीत, ‘अंग’ म्हणतात.

पुढची दोनशे वर्षं आपण पटकन ओलांडू. १८९८ मध्ये अमृतसरच्या छापखान्यात उतरा, शाईचा वास येईल. भाई वीरसिंग यांची ‘सुंदरी’ ही पंजाबीतली पहिली कादंबरी याच साली निघते. याच साली काहनसिंग नाभा यांचं ‘हम हिंदू नहीं’ हे पुस्तक येतं आणि मोठा वाद पेटतो. त्या वादात आज मी तुम्हाला कुठल्या बाजूने उभं करणार नाही. एवढंच बघा की दोन्ही बाजूंचे लोक आपापलं म्हणणं मांडायला तीच रामसरची पोथी उघडतात. आणि रोजच्या जगण्यातही तीच. मूल जन्मलं की ग्रंथ उघडायचा, जे पद निघेल त्याच्या पहिल्या अक्षरावरून नाव ठेवायचं. लग्न म्हणजे ग्रंथाभोवती चार फेरे, चौथ्या गुरूंनी रचलेल्या चार कडव्यांवर. १९०९ च्या आनंद विवाह कायद्याने त्या लग्नाला सरकारी मान्यताही मिळाली. माणूस गेला की पाठ. पाळण्यापासून चितेपर्यंत हे पुस्तक सोबत असतं.

आता परत या. २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, अध्यक्ष सदानंद मोरे. इतक्या लांब कशाला, असं अनेकांनी तेव्हा विचारलं. रामसरच्या राहुटीत तो ‘चे’ ऐकलेल्या माणसाने तो प्रश्न विचारला नसता.

आणि तुम्हाला तर घुमानला जायचीही गरज नाही. मुंबईहून रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलात की ती नांदेडला पोहोचवते. सचखंड हजूर साहिबला जा, चपला काढा, डोक्याला रुमाल बांधा, कीर्तन ऐकत बसा. ते संपलं की रागी बुवांना हात जोडून सांगा, आम्ही नामदेवांच्या मुलखातले, धनासरीतलं त्यांचं पद ऐकवा. दुसऱ्या दिवशी औंढ्याला जाऊन या, ते देऊळ तिथून फार लांब नाही.